यंत्राला मामा-काका नसतात

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. प्रवेश परीक्षेच्या उत्तरपत्रिका वाचणे हे माझे काम होते. आता मी कार्यालयाच्या जिन्याखालच्या खोलीत पडून आहे. माझ्यावर एक मोडकी खुर्ची उलटी ठेवली आहे आणि फरशी पुसायचे फडके माझ्या पाठीवर वाळत घालतात. त्याची तक्रार नाही. वस्तू जुनी झाली की तिचे असेच होते. पण भंगारात जाण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती माझी थोडी आणि एका घराची जास्त आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला हातपाय दिले नाहीत, पोट दिले. पोटात रबराचे रूळ, एक दिवा आणि काचेमागे एक डोळा. रुळांनी कागद आत ओढायचा, दिव्याने उजेड पाडायचा आणि डोळ्याने काळा गोल शोधायचा. प्रत्येक प्रश्नाची एक ओळ असते. ओळीत चार गोल असतात. मुलाने त्यांतला एक पेन्सिलने काळा केलेला असतो. बरोबर गोल काळा असेल तर गुण, नसेल तर नाही. मला एवढेच शिकवले होते. मुलाचे नाव मला वाचता येत नव्हते आणि अक्षरही कळत नव्हते.

मला ज्या कार्यालयात आणले तिथे वरच्या मजल्यावर टोकाला एक खोली होती. धूळ येऊ नये म्हणून तिच्या खिडक्या बंद ठेवत. माझ्यासमोर एक उंच स्टूल होते. त्यावर बसून मला कागद भरवणारी बाई होती. मी बिघडलो की मला उघडणारा एक मिस्त्री होता. सुरुवातीला मी फार बिघडायचो. दाराशी बसणारा शिपाई एकदा म्हणाला, "मिस्त्री, हे यंत्र बिघडतं की बिघडवलं जातं?" मिस्त्रीने पुन्हा माझ्या पोटात डोके घातले. बाईने मान खाली घालून कागदाचा गठ्ठा उगाच सरळ केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दोघांचे लग्न झाले आणि कार्यालयात सगळे तिला वहिनी म्हणू लागले. गंमत म्हणजे लग्नानंतर माझे बिघडणे बरेच कमी झाले.

त्या काळात माझे फार कौतुक होत असे. शहरात एक मोठे कॉलेज होते. तिथे जागा थोड्या आणि येणारे फार. मी येण्याआधी तिथे कोणाला घ्यायचे हे ओळखीवर ठरे. कोणाचा मामा तिथे प्राध्यापक, कोणाच्या काकांची संचालकांशी ऊठबस. आमचे साहेब पाहुण्यांना माझ्यापाशी आणत आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "याला ना मामा, ना काका. याच्यापुढे सगळी पोरं सारखी." ते खरेच होते. पहिल्याच वर्षी लांबच्या एका लहान शाळेतली मुलगी माझ्या आकड्यावर त्या कॉलेजात गेली. तिच्यासाठी शब्द टाकणारे जगात कोणी नव्हते. निकालानंतर ती वडिलांना घेऊन मला बघायला आली. वडिलांनी चपला खोलीबाहेर काढल्या. मी ते विसरलो नाही. आज कोणी मला वाईट म्हटले तर मला ती चपला काढलेली पावले आठवतात.

वहिनीची कामाची एक पद्धत होती. कागद चिकटून दोन-दोन आत जाऊ नयेत म्हणून ती प्रत्येक गठ्ठा हातात धरून पत्ते पिसावेत तसा फर्रकन सोडायची. बघणाऱ्याला वाटे की ती नुसती हवा घालते आहे. पण त्या फर्रकन जाण्यात तिला पुष्कळ दिसत असे. मुले घाईत एक चूक करतात. एखादा प्रश्न अडतो, तो सोडून ती पुढे जातात. पण उत्तरपत्रिकेत त्याची ओळ सोडायची विसरतात. मग पुढच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एक ओळ वर चढते. मुलाला सगळे येत असते आणि कागदावर सगळे चुकलेले असते. अशा कागदात शेवटची ओळ कोरी राहते. वहिनीचा अंगठा तिथे थांबायचा.

असा कागद ती माझ्या शेजारच्या निळ्या ट्रेमध्ये ठेवायची. साहेब आणि आणखी एक जण तो बरोबर उत्तरांच्या यादीशी ताडून बघायचे. आकडा ते बदलत नसत. फक्त एक चिठ्ठी लावत, 'ओळ सरकलेली दिसते'. पुढचे कॉलेजने ठरवायचे. कॉलेजातून एक प्राध्यापिका येत असत. त्या म्हणत, "आकडा आम्ही बघतोच. पण शाळेचे निकाल बघतो, शिक्षक काय म्हणतात ते बघतो, मुलाला समोर बसवून चार गोष्टी बोलतो. चिठ्ठी असली की जरा जास्त बोलतो." चिठ्ठी लावलेली काही मुले आत गेली, काही गेली नाहीत. पण कोणीतरी बघून नाही म्हणाले होते.

वर्षे गेली. परीक्षेला बसणारी मुले वाढत गेली. गठ्ठे कपाटात मावेनात, मग ते जमिनीवर रचू लागले. त्याच प्राध्यापिका पुन्हा आल्या तेव्हा त्यांचे केस पिकले होते आणि त्या थकलेल्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "अर्ज इतके येतात की वाचायला माणसं पुरत नाहीत. आता आधी आकड्यावर चाळतो. कटऑफच्या वरचे तेवढे उघडतो."

"आणि खालचे?" वहिनीने विचारले.

"खालचे बांधून ठेवतो."

"मग बाई, या आकड्याला महत्त्व किती म्हणायचं?"

प्राध्यापिकांनी जमिनीवर रचलेल्या गठ्ठ्यांकडे बघितले. मग म्हणाल्या, "जे वर आहेत त्यांच्यासाठी थोडं. जे खाली राहिले त्यांच्यासाठी सगळं."

तरी निळा ट्रे होता. चिठ्ठी असलेला अर्ज कटऑफच्या खाली असला तरी उघडायचा, असे कॉलेजने मान्य केले होते. मग एक दिवस एक मोठे गृहस्थ खोलीत आले. त्यांच्या पुतण्याची उत्तरपत्रिका माझ्यातून जायची होती. ते खुर्ची ओढून वहिनीसमोर बसले आणि म्हणाले की पुतण्याच्या कागदाला तेवढी ती चिठ्ठी लावा. वहिनीने कागद काढला, यादीशी ताडून बघितला आणि गठ्ठ्यात परत ठेवला.

"यात ओळ सरकलेली नाही," ती म्हणाली. "प्रश्न सगळे जागच्या जागी चुकलेत."

"तुम्हाला माहीत आहे मी कोण?"

"तुमच्या पुतण्याचे काका," वहिनी म्हणाली आणि कागद भरवू लागली.

त्या गृहस्थांनी वर तक्रार केली की कार्यालयातली बाई आपल्या ओळखीच्यांना चिठ्ठ्या लावते. चौकशी झाली. काही निघाले नाही, कारण काही नव्हतेच. पण साहेब घाबरले. त्यांनी निळा ट्रे उचलून नेला आणि सांगितले की यापुढे उत्तरपत्रिकेकडे कोणी बघायचे नाही, नुसती भरवायची. वहिनी त्यांना म्हणाली, "साहेब, सुक्याबरोबर ओलंही जाळताय." साहेब म्हणाले, "वहिनी, तुमचं म्हणणं मला पटतं. पण माणसाचा हात लागला की आळ येतो. हात नाही, आळ नाही."

वहिनीने गठ्ठे पिसायचे सोडले नाही. अंगठा अजूनही थांबायचा. ती क्षणभर त्या कागदाकडे बघायची आणि मग तो मला भरवायची. मी तो वाचायचो.

वहिनीला एक मुलगी होती. घरात आणि कार्यालयात सगळे तिला ठकू म्हणत. शाळा सुटली की ती आमच्या खोलीत यायची, माझ्या सावलीत बसून डबा खायची आणि तिथेच अभ्यास करायची. वहिनी तिला छपाईत बिघडलेल्या कोऱ्या उत्तरपत्रिका द्यायची. ठकू त्यांवर गोल काळे करायची. वहिनीचे एकच सांगणे असे, "अडलं की सोडून पुढे जा. पण ओळ सोड." हे तिने इतक्या वेळा सांगितले की घरात त्याची थट्टा झाली. ठकू पाणी प्यायला उठली की स्वतःच म्हणायची, "जाते, ओळ सोडते." मिस्त्री दुकानात निघाला की ती बापाला बजावायची, "बाबा, मीठ नसेल तर पुढचं घे, पण ओळ सोड." वहिनी हसायची आणि म्हणायची, "करा थट्टा. मी नसेन तेव्हा कळेल."

असे बोलणे माणसे सहज बोलतात.

वहिनीच्या पोटात दुखू लागले. आधी ती स्टुलावर पुढे वाकून बसायची. मग पाठीला उशी आली. मग ती अर्धा दिवस येऊ लागली. ठकूला डॉक्टर व्हायचे होते. आईला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसून बसून तिने ते ठरवले होते. तिचे शाळेचे निकाल उत्तम होते. डॉक्टरकीची वाट त्या मोठ्या कॉलेजातूनच जात होती. प्रवेश परीक्षा जवळ आली आणि वहिनी गेली.

मिस्त्री काही दिवसांनी कामावर आला. मी बिघडलेलो नव्हतो. त्याने स्टूल पुसले. त्यावर धूळ नव्हती, तरी पुसले. मग तो बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला. स्टुलावर बसला नाही. पुढे रोज तो एकदा येई आणि स्टुलाशी बोले. घरातले डबे सापडत नाहीत, ठकू जेवत नाही, गिरणीवाला तुझी चौकशी करत होता. उत्तर येत नसे. तो थोडा थांबे, जसे माणूस उत्तरासाठी थांबतो, आणि मग जाई.

परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो साहेबांना घेऊनच खोलीत आला. दार लावले.

"साहेब, ठकूची ओळ सरकली."

साहेबांनी चष्मा काढला. "तिला? वहिनीच्या मुलीला?"

"मधे एक प्रश्न अडला. सोडून पुढे गेली. शेवटचं उत्तर काळं केलं आणि बघते तर खाली एक ओळ कोरी. तेवढ्यात घंटा झाली. पर्यवेक्षकाने कागद ओढून घेतला."

"अरे देवा."

"सकाळी मीच सोडलं तिला. पेन्सिली बघितल्या, हॉल तिकीट बघितलं, पाण्याची बाटली भरली. सगळं केलं. तेवढं सांगायचं राहिलं. ती असती तर रस्त्याच्या टोकापर्यंत ओरडत गेली असती." तो थांबला. "साहेब, आकडा बदला म्हणत नाही. चिठ्ठी लावा. ओळ सरकली आहे, एवढंच. ते खरं आहे."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, ट्रे बंद झाला तो कशावरून? ओळखीच्यांना चिठ्ठ्या लावतात म्हणून. आणि आता पहिली चिठ्ठी लावू ती वहिनीच्या मुलीला? लोक म्हणतील, तेव्हा आळ खरा होता. त्या बाईचं नाव गेल्यावर खराब करू?"

मिस्त्री दार उघडून निघून गेला. साहेब म्हणाले ते खरे होते, आणि म्हणूनच त्याला जास्त लागले असावे.

वाचन सुरू होण्याआधी माझी साफसफाई करायचे काम त्याचेच होते. तो दुपारी एकटा आला. त्याने माझे झाकण काढले. मित्रांनो, आता नीट ऐका. एक नियम अजून शिल्लक होता. माझ्या पोटात कागद चुरगळला तर तो दोन माणसांनी हाताने तपासायचा. ठकूचा गठ्ठा कुठला ते तिच्या हॉल तिकिटावरून कोणालाही कळले असते. रुळाचा एक स्क्रू थोडा ढिला ठेवून तो गठ्ठा भरवला, की सगळे कागद चुरगळले असते, आणि माणसांनी ते बघितले असते. स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात होता. त्याने तो स्क्रूवर टेकवला. ते टोक माझ्या पत्र्यावर टकटक वाजत होते.

मग तो स्टुलाकडे वळून म्हणाला, "त्या गठ्ठ्यात दुसऱ्यांचीही पोरं आहेत. एखादा कागद फाटला तर?"

स्टूल काही बोलले नाही.

"बरं," तो म्हणाला. त्याने स्क्रू घट्ट आवळला, माझी काच पुसली आणि झाकण लावले.

वाचनाला तात्पुरता ठेवलेला एक तरुण होता. तो गठ्ठे पिसत नसे, टेबलावर आपटून सरळ करी. त्या आठवड्यात माझ्यातून कितीतरी कागद गेले. ठकूचा कागद त्यांतला कोणता होता, मला आजही माहीत नाही. तो बाकीच्यांसारखाच आत आला आणि बाहेर गेला. मी सगळे गोल बरोबर वाचले.

ठकू कटऑफच्या खाली राहिली. मिस्त्री तिचे शाळेचे निकाल आणि शिक्षकांचे पत्र घेऊन कॉलेजच्या खिडकीपाशी जाऊन आला. परत आल्यावर त्याने स्टुलाला सांगितले, "अर्ज उघडलाच नाही गं. दोरी बांधलेला गठ्ठा मला लांबून दाखवला. कारकून म्हणाला, खालचे उघडत नाहीत. मी म्हटलं, उघडून नाही म्हणा. तो म्हणाला, काका, रांग आहे मागे."

कामावर असताना गेलेल्या माणसाच्या घरातल्या एकाला त्याची जागा देण्याची पद्धत आमच्याकडे होती. साहेबांनी ठकूला आईची जागा दिली. त्यांना वाटले आपण उपकार केला, आणि एका अर्थी तो होताही. मिस्त्री म्हणत होता, वर्षभर अभ्यास कर, पुन्हा बस. ठकू म्हणाली, "बाबा, मी परत त्या बाकावर बसणार नाही. घंटेचा आवाज ऐकला की मला ती कोरी ओळ दिसते." आणि ती स्टुलावर येऊन बसली.

तिला कोणी शिकवावे लागले नाही. तिने गठ्ठा उचलला आणि आईसारखाच फर्रकन सोडला. मला क्षणभर वाटले वहिनीच आली.

पुढच्या वर्षीच्या वाचनात एके दिवशी तिचा अंगठा थांबला. शेवटची ओळ कोरी होती. तिने तो कागद मला भरवला नाही. मांडीवर ठेवला. बाकीचा गठ्ठा भरवून संपवला. संध्याकाळी साहेबांनी मोजले तर एक कागद कमी. ते खोलीत आले.

"ठकू, एक राहिला वाटतं."

"राहिला नाही. ठेवलाय." तिने तो पुढे केला. "ओळ सरकलीय. बघा."

"बाळ, आपण बघत नाही. तुला माहीत आहे."

"तुम्ही बघा. बघून मग तुमच्या हाताने घाला. मी आतापर्यंत सगळे घातले. हा एक तुम्ही घाला."

साहेबांनी कागद घेतला. त्यांना बघायचे नव्हते, पण कागद हातात आल्यावर डोळे जातातच. बरोबर उत्तरे एव्हाना त्यांना पाठ झाली होती; ते वरून खालपर्यंत बघत गेले. मधे एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले आणि तिथून पुढे एकेका ओळीवर थांबत गेले. त्यांना सगळे दिसत होते. मुलाने सगळे बरोबर सोडवले होते. दार उघडे होते, शिपाई बाहेर किल्ल्या घेऊन उभा होता. साहेबांनी खिशातून पेन काढले, चिठ्ठी लिहिण्यासारखे धरले, आणि परत खिशात ठेवले. मग त्यांनी तो कागद माझ्या तोंडाशी धरला. मी तो ओढून घेतला आणि वाचला.

ठकूने माझा दिवा बंद केला आणि डब्याची पिशवी उचलली. "येते, साहेब," ती म्हणाली.

साहेब त्यानंतर त्या खोलीत फारसे आले नाहीत. थोड्या काळाने नवे यंत्र आले. त्याच्या पोटात गठ्ठा पेटीसकट जातो, कोणी पिसायचे नसते आणि कोणाचा अंगठा थांबायचा प्रश्न नसतो. ठकूला खालच्या मजल्यावर टपाल नोंदवायला बसवले आणि मला जिन्याखाली आणले.

परवा मिस्त्री आला होता. नव्या यंत्राला एक स्प्रिंग हवी होती, ती माझ्यातून काढून नेली. तो आता हळू काम करतो. त्याने सांगितले की परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत आदल्या दिवशी संपली. ठकूने भरला नाही. दोघांनी जेवून भांडी घासली.

मित्रांनो, मला फेकून द्या असे मी म्हणत नाही. माझ्या आधी काय होते ते मला ठाऊक आहे. उद्या आकडा नको म्हणाल तर परवा मामा-काका परत येतील, आणि त्या लांबच्या शाळेतल्या मुलीला दारातच अडवतील. माझे मागणे लहान आहे. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातला कोणी त्या खिडकीत बसेल, कोणी साहेब होईल, कोणाच्या हातात बांधलेला गठ्ठा येईल. आकडा घ्या, नीट वाचा. मग तो खाली ठेवा आणि दोरी सोडून आत बघा. नाही म्हणायचे असेल तर बघून म्हणा. मला ते कधी जमले नाही, कारण माझा डोळा काचेमागे होता. तुमचा नाही.